उस्तादांचा हात

अनिकेतचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी पोह्यांत घालायला कुंडीतला कढीपत्ता तोडत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दहा दिवसांपासून दवाखान्यात होता. तब्येत उतरणीला लागलेली आम्हाला दिसत होती, तरी... मी गॅस बंद केला, कढीपत्ता ओट्यावर तसाच टाकला आणि रिक्षा केली. तारनाक्याहून नारायणगुड्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, आणि तो सांगायची मला लाज वाटत नाही, कारण माझं डोकं अशा वेळी असंच चालतं. दुकानाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत? टेबलावर काय काय उघडं पडलंय? आतल्या खोलीतला दिवा बंद केलाय ना?

दुकान म्हणजे अण्णाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. नारायणगुड्याच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, मध्ये फक्त प्लायवुडची भिंत. पस्तीसेक वर्षं त्याने तिथे मदरबोर्ड दुरुस्त केले. इतर दुकानांनी "बोर्ड गया, नया लो" म्हणून परत पाठवलेली यंत्रं त्याच्याकडे यायची आणि बहुतेक वेळा चालती होऊन जायची. सगळा बाजार त्याला उस्ताद म्हणायचा. तेराव्याला घरी बसायला जागा नव्हती इतकी माणसं आली. कुणी तेलुगूत बोलत होतं, कुणी उर्दूत, आणि सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, ती म्हणजे उस्तादांचा हात. "चलती मशीन में से चिप खींचते थे साहब, हाथ हिलता नै था," असं एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते. मी त्या दोघांपुढे चहा धरला आणि पुढे सरकले.

तो हात माझा होता. एखाद्या दिवशी नव्हे, चांगली दहा-अकरा वर्षं. अण्णाने हे कुणाला कळू दिलं नाही आणि मला सांगू दिलं नाही. त्यापायी एका मुलीचं माझ्या हातून मोठं नुकसान झालं, तेही मला तिला सांगता आलं नाही. आता अण्णा नाही, आणि मी अडुसष्ट वर्षांची आहे. गप्प बसायचा मला कंटाळा आला आहे. अण्णाने हे वाचलं असतं तर तो महिनाभर माझ्याशी बोलला नसता, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आमचे वडील सरकारी नोकरीत होते, उर्दूत शिकलेले. घरात मराठी, दारात उर्दू आणि बाजारात तेलुगू अशी आमची वाढ झाली. अण्णाने डिप्लोमा केला, काही वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले आणि कॉम्प्युटर आले तसा तिकडे वळला. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. मला त्याच्या यंत्रांत काडीचा रस नव्हता, पण त्याला सांगायची हौस फार. एकदा त्याने मला एक चिप दाखवली होती. वर बरोबर मध्यभागी काचेची इवलीशी खिडकी आणि खिडकीवर कागदी चिकटपट्टी. "ही पट्टी काढून उन्हात ठेवली ना शाले, तर हळूहळू ही सगळं विसरेल," तो म्हणाला. त्याच्याकडे जांभळ्या दिव्याचा एक डबा होता. त्यात चिपा ठेवून झाकण लावायचं, वीस मिनिटांत त्या कोऱ्या व्हायच्या, मग त्यांच्यावर नवीन प्रोग्राम लिहायचा. मी विचारलं, त्यात लिहिलेलं असतं तरी काय? तर म्हणाला, "मशीन चालू केली की तिला काहीच ठाऊक नसतं. आपल्याला डोळे आहेत, पाय आहेत, घर कुठे आहे, काही नाही. ही चिप तिला एकेक सांगते. हा तुझा स्क्रीन, हा कीबोर्ड, ही मेमरी, ती मोजून घे. आणि ती तुझी डिस्क, बाकीचं शहाणपण तिथे ठेवलंय, जा." याला बायोस म्हणतात. मला हे चटकन समजलं. वासरू जन्मल्यावर पहिल्या तासात ज्या गोष्टी करतं त्या त्याला कुणी शिकवलेल्या नसतात, मी वर्गात तेच तर सांगत होते.

त्या काळातली यंत्रं सावकाश उठायची. काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे चढत जायचे आणि सगळं ठीक असेल तर एक छोटी शिट्टी वाजायची. बिघाड असेल तर शिट्ट्या बदलायच्या. एक लांब आणि तीन आखूड म्हणजे पडद्याकडचं दुखणं, नुसत्याच लांब शिट्ट्या येत राहिल्या तर मेमरी. अण्णा फोनवर लोकांना सांगायचा, "फोन मशीन के पास रखो और बटन दबाओ." मग डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "मेमरी निकाल के रबर से साफ करो, फिर लगाओ." वहिनी तेव्हा होती. ती म्हणायची, माझं ऐकताना यांनी असे डोळे कधी मिटले नाहीत.

नंतर चिपा बदलल्या. खिडकी गेली, जांभळा डबा माळ्यावर गेला. नवीन चिप विजेनेच पुसता आणि लिहिता यायची, तेही बोर्डावर असतानाच. फ्लॉपी घालायची, प्रोग्राम चालवायचा, दोन मिनिटांत बायोस नवा. सोय झाली तशी नवी आफतही आली. त्या दोन मिनिटांत वीज गेली किंवा नुसती खाली-वर झाली तर चिप अर्धी नवी आणि अर्धी कोरी राहायची. मग बटण दाबलं तर पंखा फिरायचा, बाकी शांत. शिट्टीसुद्धा नाही, कारण शिट्टी वाजवायची हे सांगणारीच गेलेली. पुढे एक व्हायरस आला, तो ठरावीक दिवशी जागा व्हायचा आणि बायोसच पुसून टाकायचा. अण्णाच्या दुकानासमोर त्या आठवड्यात रांग लागली होती.

अशा चिपेला जिवंत करायची एक रीत होती. चांगल्या चिपेचं यंत्र चालू करायचं. ते उठलं की बायोस मेमरीत उतरलेला असतो, आता चिप नसली तरी चालतं. मग चालू यंत्रातून चांगली चिप उपसून काढायची, तिच्या जागी मेलेली बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. सांगायला एवढंच. पण बोर्डात वीज खेळत असते. चिप तिरकी निघाली, एक पाय शेजारच्याला लागला, तर बोर्ड गेलाच. अण्णा आधी चिपेखालून दोऱ्याचे दोन फास ओवून ठेवायचा आणि त्या दोऱ्यांनी तिला सरळ वर उचलायचा. श्वास रोखून. शहरात हे करणारे आणखीही असतील, पण आमच्या भागात "उस्ताद का हाथ" म्हणजे हे.

आणि मग तो हात थरथरू लागला. तेव्हा तो पंचावन्नच्या आसपास होता. आधी चहाची बशी वाजायची, मग सही बदलली. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं, गोळ्या दिल्या, आणि अण्णाने आम्हा तिघांना, म्हणजे वहिनीला, अनिकेतला आणि मला, समोर बसवून सांगितलं की ही गोष्ट या घराबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, अरे, आजार आहे, चोरी नाही. तर म्हणाला, "लोक माझ्याकडे बोर्ड घेऊन नाही येत, हात बघून येतात. हात गेला कळलं तर उद्यापासून गल्लीत चिडीचूप." दोन दिवसांनी तो तारनाक्याला माझ्या घरी आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम म्हणाला, "तू अजून बेडूक कापून दाखवतेस ना पोरांना?"

मी कापून दाखवत होते. पंचवीस वर्षं दाखवत होते. मज्जातंतू न तोडता मोकळा करायचा तर हात कसा ठेवायचा, हे मला झोपेतही जमलं असतं. तरी पहिल्या दिवशी त्या चालू बोर्डावर वाकले तेव्हा घामाने माझा चष्मा घसरत होता. दुकानाच्या मागच्या भागात पडदा लावलेला, आत टेबल, भिंग बसवलेला दिवा आणि दोन स्टुलं. अण्णा स्क्रीनकडे बघत बसायचा, मी दोरे धरायची. तो मोजायचा. "एक", मी दोरे ताणायची. "दोन", कोपर टेबलाला टेकवायचं. "आता", आणि मी उचलायची. पहिली चिप निघाली तेव्हा यंत्र चालूच राहिलं, स्क्रीनवरचा ठिपका लुकलुकत राहिला. अण्णा माझ्याकडे बघून इतका हसला, जसा काही त्यानेच ती काढली होती.

त्यानंतर कॉलेज सुटलं की आठवड्यातून तीन-चारदा मी नारायणगुड्याला. बाजाराला सांगितलं होतं की उस्तादांची बहीण डबा घेऊन येते. डबा खरंच असायचा, त्यात बहुधा उपमा, आणि तो आम्ही दोघं खायचो. आत काम व्हायचं, मग अण्णा पडदा सारून बाहेर जायचा आणि बोर्ड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. एक हात खिशात, दुसऱ्याने बोर्ड छातीशी धरलेला, म्हणजे थरथर दिसायला नको. गिऱ्हाईक म्हणायचं, "उस्ताद, कमाल." आणि मी आत बसून डब्याचं झाकण लावत असायची. वाईट वाटायचं का? थोडं वाटायचं. पण मला ते काम आवडायला लागलं होतं आणि भाऊ सारखा भेटत होता. तेवढ्यावर माझं भागत होतं.

लावण्या माझी विद्यार्थिनी. हुशार, हट्टी, विद्यापीठात पीएचडी करत होती. तिच्या प्रयोगशाळेत पानांवरचा प्रकाश मोजणारं एक जुनं उपकरण होतं, आणि ते चालवणारा कॉम्प्युटर त्याहून जुना. उपकरणाचं कार्ड दुसऱ्या कुठल्याच बोर्डात बसत नव्हतं. तो कॉम्प्युटर कधी उठायचा, कधी नाही. अण्णाने तपासून सांगितलं की चिप थकली आहे, एक दिवस कायमची जाईल, त्याआधी तिच्यातलं सगळं नव्या चिपेत उतरवून घेऊ. बोर्ड बनवणारी परदेशातली छोटी कंपनी केव्हाच बंद झालेली, त्यामुळे तो बायोस जगात दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. जे होतं ते त्या एका चिपेत. लावण्याची रोपं तयार होती, त्या हंगामाची मोजणी पुढच्या आठवड्यात सुरू व्हायची होती.

चिपेला एका टोकाला खाच असते, ती बघून चिप बसवायची. पण आम्हाला भिंगाखालीही खाच चटकन दिसेना म्हणून अण्णा खाचेच्या बाजूला वहिनीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. "ठिपका वर" म्हटलं की झालं. त्या दोन वर्षांत आम्ही खाच बघायचं विसरूनच गेलो होतो. लावण्याच्या चिपेवरही ठिपका होता, पांढरा. तो अण्णाचा नव्हता. प्रयोगशाळेच्या भांडारात कुणीतरी कधीतरी खूण म्हणून खोडायच्या पांढऱ्या शाईचा ठिपका दिला होता, आणि तो नेमका दुसऱ्या टोकाला होता. ती वाचून घ्यायला दुकानातल्या चालू बोर्डात बसवायची होती. अण्णा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "ठिपका वर." मी ठिपका वर ठेवला आणि चिप दाबून बसवली. स्क्रीन काळा झाला. मग तो वास आला... जळक्या चिपेचा वास ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. मी बोट लावलं तर चटका बसला. अण्णाने भिंग ओढलं आणि खाच बघितली. "ठिपका वर" तो म्हणाला होता हे खरं, पण खाच बघायची असते हे मलाही माहीत होतं. आणि चिप माझ्या बोटांत होती.

लावण्या दुसऱ्या दिवशी आली. मी आत, पडद्यामागे. अण्णाने दुकानातल्या चार माणसांसमोर तिला सांगितलं, "बेटा, तुम्हारी चिप मेरे हाथ से जल गई. गलती मेरी." मग तिचा आवाज फुटला, "सर, मेरा पूरा सीझन उसी पे था." ती रडत होती आणि मी दोन हातांवर पडद्यामागे बसून होते, तोंडावर पदर दाबून. वर्गात मी याच मुलीला शिकवलं होतं की प्रयोग बिघडला तर वहीत तसं लिहायचं, खोडायचं नाही.

ती गेल्यावर आमचं जोरदार भांडण झालं. मी म्हटलं, मी तिला सांगणार. अण्णा म्हणाला, "सांग. जा, सांग. आणि मग गल्लीलाही सांग की उस्ताद दोन वर्षांपासून नुसता मोजतो." मी म्हटलं, तू तिच्यासमोर मोठेपणा घेतलास. तर तो म्हणाला, "मोठेपणा काय त्यात? माझ्या दुकानात झालं ते माझ्याच हाताने झालं." लोकांनी पुढे त्या कबुलीची फार वाखाणणी केली. तेराव्यालाही एकाने तो किस्सा सांगितला, उस्ताद कसे चार लोकांत चूक मानायचे. मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही सांगते, की त्या कबुलीत अर्धा तरी अहंकार होता. चूक त्याने घेतली कारण हात त्याचा आहे हे त्याला सोडवत नव्हतं. उरलेल्या अर्ध्यात मला पाठीशी घालणं होतं, हेही मला माहीत आहे, आणि म्हणूनच मला त्याच्यावर धड चिडताही येईना. मी दीड महिना दुकानात पाऊल टाकलं नाही.

त्या दीड महिन्यात अण्णाने मलकपेठेपासून सगळ्या भंगारवाल्यांकडे तसाच बोर्ड शोधला. रोज जायचा, बसने. शेवटी एक मिळाला, कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून आलेला. वहिनीचा मला फोन आला, "या आता. ते तुम्हाला बोलावणार नाहीत, पण बोर्ड टेबलावर ठेवून बसलेत." मी गेले. आधी खाच बघितली, मग भिंगाखाली पुन्हा बघितली, मग अण्णाला बघायला लावली. त्या बोर्डातला बायोस उतरवून घेतला, चिप तयार झाली आणि लावण्याचा कॉम्प्युटर उठला. पण तोवर रोपं वाळून गेली होती. तिचं एक वर्ष गेलं. ती पुढे पीएचडी झाली, आता शिकवते. मला भेटली की वाकून नमस्कार करायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. मग अण्णाचा खिशातला हात आठवायचा.

पुढे बायोस म्हणजे जुनी गोष्ट झाली. चिपा नखाएवढ्या झाल्या आणि थेट बोर्डाला चिकटवलेल्या येऊ लागल्या, उपसायला काही राहिलंच नाही. बायोसच्या जागी यूईएफआय आलं. अनिकेतने नवा लॅपटॉप आणला तेव्हा अण्णा त्याच्या त्या सुरुवातीच्या पडद्यावर माउस फिरवून बघत बसला होता. रंगीत चित्रं, बोर्डाचं तापमान, पंख्याचा वेग, सगळं मांडलेलं. मेमरी मोजण्याचे आकडे नाहीत, शिट्टी नाही, चार सेकंदांत यंत्र जागं. आता त्या प्रोग्रामवर कंपनीची गुप्त सही असते, दुसऱ्या कुणी लिहिलेलं यंत्र स्वीकारतच नाही. अद्ययावत करायचं तर इंटरनेटवरून आपोआप होतं, मध्येच बिघडलं तर चांगल्या यंत्रांत दुसरी प्रत जपलेली असते, ती पुढे येते. मी म्हटलं, म्हणजे तुझी विद्या बुडाली की. मला वाटलं तो हळहळेल. तो म्हणाला, "चांगलंच झालं ना. आपण काय हौसेने चालू मशीनमध्ये हात घालत होतो? त्यांनी आधीच असं केलं असतं तर त्या पोरीचं वर्ष वाचलं असतं." एवढाच काय तो त्याने लावण्याचा विषय स्वतःहून काढला. जुनी यंत्रं मात्र येत राहिली. छापखान्यांची, पिठाच्या कारखान्यांची, कुणाचं कापड कापायचं मशीन. त्यांच्यासाठी दुकान उघडं राहिलं, आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत मी त्याला विचारलं, "अण्णा, लावण्याला सांगू का रे आता?" चादरीवर त्याचा उजवा हात हलत होता. त्याने त्यावर डावा हात ठेवला, तर तोही हलायला लागला. "माझ्यानंतर सांग," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि परेशान नको होऊ." त्यानंतर आम्ही नर्स किती जोरात दार लावते याबद्दल बोललो.

तेरावं झाल्यावर चार दिवसांनी मी लावण्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. ठिपक्यासकट. मग तेलुगू आणि इंग्रजीत ती जे म्हणाली त्याचा अर्थ असा, की मॅडम, मी सरांवर एक वर्ष चिडून होते. त्या गल्लीतून जाताना मी त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. ते जिवंत असताना तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं. तिने फोन ठेवला, उद्धटपणे नाही, पण ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही, आणि मी तिला त्याचा दोष देत नाही.

गेल्या आठवड्यात अनिकेतने दुकान रिकामं करायचं ठरवलं. मी म्हटलं, आधी एक काम राहिलंय. मलकपेठेच्या एका छापखान्याचा बोर्ड अण्णा दवाखान्यात जायच्या आधीपासून टेबलावर होता, चिठ्ठी लावलेला. बायोस पुसला गेलेला, चिप जुनी, काढता येणारी. तसाच दुसरा चांगला बोर्डही अण्णाने शोधून शेजारी ठेवला होता. मी दुपारी एकटीच गेले, दुकानाचं शटर अर्धं वर केलं, आत दिवा लावला. खाच बघितली. दोरे ओवले. यंत्र उठलं, एक छोटी शिट्टी वाजली. समोरचं स्टूल रिकामं होतं, मग मीच मोठ्याने म्हटलं, "एक."

प्लायवुडच्या पलीकडे झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं, ते थांबलं.

मी "दोन" म्हटलं, "आता" म्हटलं, चिप उचलली, दुसरी बसवली आणि लिहायचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर पट्टी सरकू लागली. पलीकडे अजून शांत. वीज गेली असं मला वाटलं, पण माझा दिवा तर चालू होता. मी पडदा सारून बाहेर डोकावले. झेरॉक्सवाले लतीफभाई मशीनवर हात ठेवून उभे होते. पुढे तीन-चार माणसं आधार कार्डं घेऊन ताटकळत होती. समोरच्या ओट्यावर अंजय्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली होती आणि भिंतीवरचं बटण बंद केलेलं होतं. मी विचारलं, "लतीफभाई, लाईट गयी क्या?"

"नै आपा. आप 'एक' बोले ना."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. मशीन चालली की गल्लीचं व्होल्टेज पडतं, इस्त्रीनेही पडतं, आणि उस्तादांचा यूपीएस नावापुरताच. म्हणून पलीकडून "एक" ऐकू आलं की ते झेरॉक्स थांबवायचे, ते बघून अंजय्या इस्त्री बंद करायचा. किती वर्षं? "शुरू से. आप डब्बा लेके आने लगे तब से." मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? "पूरी गल्ली कू मालूम था, आपा. अकेला आदमी अपने कू गिन के कायकू सुनाएगा?"

"अण्णाला कधी बोललात?"

"उस्ताद खुद नै बोले तो हम कायकू बोलते?" लतीफभाई म्हणाले. "वो तो सबकू यही बोलते थे, नारायणगुडे की बिजली बहुत अच्छी है बोलके."

हे तो खरंच सांगायचा. घरी, दारी, कुणी तारनाक्याच्या विजेची तक्रार केली की हमखास. मी लतीफभाईंच्या दारातल्या स्टुलावर बसले. म्हणजे लावण्याला मी त्याच दिवशी सांगितलं असतं तरी अण्णाचं काहीएक जाणार नव्हतं. ज्या गल्लीपासून आम्ही हात लपवत होतो, तीच गल्ली त्या हातासाठी दर वेळी मशीनं बंद करून उभी राहत होती. मला अण्णाचा भयंकर राग आला. तो गेल्यापासून मी पहिल्यांदा धड रडले ती तिथे, चार अनोळखी माणसांसमोर, हातात आधार कार्डं घेतलेल्या.

त्यांतला एक घाईत होता. तो लतीफभाईंना म्हणाला, भाई, लाईट तर आहे, मग मशीन का बंद? लतीफभाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "रुको जी," ते म्हणाले, "उस्ताद का काम चल रा."

मी डोळे पुसले आणि आत जाऊन पट्टी कुठवर आली ते बघितलं.